क्रॉसओव्हरचा इतिहास : दोन स्पीकरचा एक आवाज कसा झाला



या टिपणात आपण हाय-फाय लाउडस्पीकरच्या पेटीतील एका लहान सर्किटचा इतिहास पाहणार आहोत. त्याचे नाव क्रॉसओव्हर. पेटीत येणारा विद्युत संकेत विभागून खालच्या वारंवारता वूफरकडे आणि वरच्या ट्विटरकडे पाठवणे एवढेच त्याचे काम. दोन-चार कपॅसिटर, दोन-चार कॉइल आणि एखादा रेझिस्टर इतकाच त्याचा पसारा. पण यातील एक मूल्य बदलले की तीच पेटी, तेच स्पीकर आणि तेच गाणे वेगळे ऐकू येते. असे का होते, हे समजायला जवळपास पन्नास वर्षे लागली.

सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेतून करू. आमच्या महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या एका गटाने प्रकल्प म्हणून दोन स्पीकरची पेटी बनवली. साडेसहा इंची वूफर आणि ट्विटर सुपेल्याच्या बाजारातून आणले होते. वूफर सरळ अँप्लिफायरला जोडला होता आणि ट्विटरला 2.2 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. लताबाईंचे गाणे लावले, तर आवाज पडद्याआडून आल्यासारखा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे बोथट. मुलांचा निष्कर्ष लगेच तयार होता : "सर, ट्विटर ही खराब है." त्यांनी महाग ट्विटर आणला. फरक पडला नाही.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 8 ओहमच्या ट्विटरला 2.2 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर त्याची छेद-वारंवारता 1/(2πRC) या सूत्राने सुमारे 9,000 हर्ट्झ येते. वूफर तर 4,000 हर्ट्झच्या आसपासच दमतो. म्हणजे मधला सगळा पट्टा कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता, आणि उच्चारांची धार नेमकी तिथे असते. ट्विटर निर्दोष होता. मुलांच्या कानांनी उणीव बरोबर पकडली होती, फक्त दोष भलत्याच भागावर ठेवला होता. क्रॉसओव्हरच्या इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

1. एक स्पीकर का पुरत नाही

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि फिरते वेटोळे असलेल्या लाउडस्पीकरवरचा आपला शोधनिबंध सादर केला. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. पण एका शंकूवर सर्व काम टाकण्यात एक मूलभूत अडचण आहे. 100 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असते, तर 10,000 हर्ट्झची फक्त 3.4 सेंटीमीटर. खालच्या सुरांसाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. वरच्या सुरांना मात्र तोच मोठा शंकू जड पडतो. तो एकसंध हलत नाही, आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर जातो. म्हणून काम वाटून देणे आले, आणि वाटणी आली की वाटणारा आला.

2. टेलिफोनकडून उसनी घेतलेली विद्या

वाटणीचे गणित आधीच तयार होते, पण ते टेलिफोनसाठी केलेले होते. एका तारेवरून अनेक संभाषणे पाठवायची तर त्यांचे पट्टे वेगळे काढावे लागत. त्यासाठी अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत जॉर्ज कॅम्पबेल यांनी विद्युत फिल्टरची कल्पना विकसित केली आणि ओटो झोबेल यांनी 1923 मध्ये तिचे सविस्तर सिद्धांतलेखन केले. लाउडस्पीकरवाल्यांनी हीच सूत्रे उचलली.

मात्र या सूत्रांत एक गृहीतक दडलेले आहे : फिल्टरच्या पुढे जोडलेला भार म्हणजे स्थिर रोध. टेलिफोनच्या तारेसाठी ते बऱ्यापैकी खरे होते. स्पीकरसाठी ते खरे नाही. पाठीवर ‘8 ओहम’ छापलेल्या वूफरचा प्रतिबाध त्याच्या अनुनादाच्या ठिकाणी कित्येक पट वाढतो, आणि वरच्या वारंवारतांना वेटोळ्याच्या प्रेरकत्वामुळे पुन्हा चढत जातो. त्यामुळे पुस्तकी सूत्राने काढलेले कॉइल प्रत्यक्षात पुस्तकातल्यासारखे वागत नाही. वूफरला समांतर एक रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडून हा चढ सपाट करतात. त्या जोडीला आजही झोबेल यांचेच नाव आहे.

3. चित्रपटगृह आणि दोनदा ऐकू येणारी टाच

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला. त्या काळी जगभरच्या चित्रपटगृहांपुढे प्रश्न एकच होता : थोड्या वॉटमध्ये शेकडो प्रेक्षकांपर्यंत संपूर्ण आवाज कसा न्यायचा? अँप्लिफायर लहान होते, म्हणून भोंग्याच्या आकाराचे हॉर्न वापरत.

27 एप्रिल 1933 रोजी बेल प्रयोगशाळांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तीन स्वतंत्र वाहिन्या होत्या. प्रत्येक वाहिनीच्या शेवटी खालच्या सुरांसाठी एक आणि वरच्या सुरांसाठी वेगळा, असे हॉर्न होते. अशी विभागणी मोठ्या प्रमाणावर चालू शकते, हे त्या दिवशी दिसले.

पुढची अडचण हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत उघड झाली. तिथे डग्लस शिअरर यांच्या विभागात जॉन हिलियर्ड काम करत होते. एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या टॅप-नृत्याचे ध्वनिमुद्रण दोन हॉर्नच्या यंत्रणेवर वाजवले, तेव्हा टाचेचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला. हा प्रसंग ध्वनिअभियंते आजही सांगतात. कारण साधे होते. खालच्या सुरांचा हॉर्न लांब आणि घडी घातलेला होता, वरच्या सुरांचा आखूड. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. उदाहरणादाखल, दोन मार्गांत 2.4 मीटरचे अंतर असेल, तर एक आवाज दुसऱ्याच्या 7 मिलीसेकंद मागे राहतो. सलग वाजणाऱ्या व्हायोलिनमध्ये ते चटकन जाणवत नाही, पण टाचेच्या टोकदार ठोक्यात लगेच कळते.

वारंवारतेचा आलेख हा दोष दाखवत नव्हता. आलेखावर दोन्ही हॉर्न आपापले काम नीट करत होते. शिअरर यांच्या चमूने खालच्या सुरांचा हॉर्न आखूड करून दोघांना जवळपास एका रेषेत आणले. या यंत्रणेला 1936 या वर्षासाठी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. या घटनेतून पहिला धडा मिळाला : वाटणी फक्त वारंवारतेची नसते, वेळेचीही असते.

4. घरातली पेटी आणि कलेचा घोटाळा

1948 मध्ये एलपी तबकडी बाजारात आली आणि चांगला आवाज दिवाणखान्यात हवासा वाटू लागला. घरगुती पेटीत मोठे हॉर्न मावत नाहीत. शंकूचा वूफर आणि लहान ट्विटर एकाच फळीवर बसू लागले. फिल्टरसाठी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन बटरवर्थ यांनी 1930 मध्ये मांडलेला सपाट प्रतिसादाचा नमुना लोकप्रिय झाला.

आता आमच्या मुलांकडे परत येऊ. त्यांनी दुसऱ्या कोटीचा बटरवर्थ क्रॉसओव्हर काढला. 3,000 हर्ट्झ आणि 8 ओहम धरले, तर कपॅसिटर 4.7 मायक्रोफॅरड आणि कॉइल 0.6 मिलीहेन्री येते. कॉइल हाताने गुंडाळले, सगळे नीट जोडले, आणि आवाजात पुन्हा खड्डा! या वेळी तो नेमका 3,000 हर्ट्झला होता.

कारण कलेत, म्हणजे फेजमध्ये आहे. दुसऱ्या कोटीच्या फिल्टरमध्ये वूफर आणि ट्विटर यांच्या संकेतांत 180 अंशांचे कलांतर असते. छेद-वारंवारतेला दोघेही सारख्याच जोराने वाजतात, पण एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो. बेरीज शून्याकडे जाते. मी मुलांना ट्विटरच्या दोन वायरी उलट जोडायला सांगितल्या. गायिका पडद्यासमोर आली. मात्र आता तिथे 3 डेसिबलचा उंचवटा येतो, कारण प्रत्येक शाखा त्या बिंदूला फक्त 3 डेसिबल खाली असते. खड्डा गेला आणि टेकडी आली. जुन्या कित्येक पेट्यांचा मधल्या पट्ट्यातला थोडा चढा स्वर यातून समजतो.

पहिल्या कोटीचा साधा फिल्टर घेतला तर बेरीज अचूक येते, हे खरे. पण त्याचा उतार अष्टकाला फक्त 6 डेसिबल असतो. ट्विटरला न झेपणारे खालचे सूर त्याच्यापर्यंत पोहोचतात, आवाज फाटतो, आणि मोठ्याने वाजवला तर ट्विटर जळतो.

5. लिंकविट्झ यांचे उत्तर

यावर 1976 मध्ये नेटके उत्तर मिळाले. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मापनयंत्रांवर काम करणारे सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. वूफर आणि ट्विटर एका जागी नसतात, ते एकाखाली एक असतात. 3,000 हर्ट्झची तरंगलांबी 11.4 सेंटीमीटर आहे, आणि दोन स्पीकरच्या मध्यबिंदूंतील अंतर पुष्कळदा त्याहून जास्त असते. त्यामुळे श्रोता उठून उभा राहिला तरी दोन मार्गांतील फरक बदलतो. त्यात फिल्टरनेच 90 अंशांचे कलांतर घातले असेल, तर आवाजाचा मुख्य झोत वर किंवा खाली कलतो. तिसऱ्या कोटीच्या बटरवर्थमध्ये नेमके हेच होते. समोरून मोजले तर बेरीज सपाट, पण झोत तिरका.

लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्या मदतीने दोन बटरवर्थ फिल्टर एकापुढे एक ठेवले. चौथ्या कोटीच्या या रचनेत प्रत्येक शाखा छेद-बिंदूला 6 डेसिबल खाली असते, आणि दोन्ही शाखा सर्व वारंवारतांना समकलेत राहतात. बेरीज सपाट येते आणि झोत सरळ समोर जातो. आज लिंकविट्झ-रायली हे नाव जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरवर दिसते. दुसरा धडा : वाटणी जागेचीही असते.

6. नाव तेच, क्रॉसओव्हर वेगळा

त्याच दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एक छोटा मॉनिटर बनवला, एलएस३/५ए. त्यात केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्विटर होता, आणि छेद सुमारे 3,000 हर्ट्झला होता. त्याचा क्रॉसओव्हर नुसता वाटणी करणारा नव्हता. वूफरच्या प्रतिसादातील उंचवटाही तो दाबत असे. ट्विटरची पातळी जुळवण्यासाठी त्यात टप्पे काढलेला ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे प्रत्येक ट्विटरच्या थोड्याफार फरकानुसार जोडणी बदलता येई.

अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. वर्षे गेली, आणि वूफरचे गुणधर्म उत्पादनात हळूहळू सरकत गेले. अखेर 1980 च्या दशकाच्या शेवटी क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला. 15 ओहमचा स्पीकर 11 ओहमचा झाला. पेटी तीच, नाव तेच. तरीही शौकीन आजतागायत वाद घालतात की 15 ओहमचा गोड की 11 ओहमचा. तिसरा धडा असा की क्रॉसओव्हर एका विशिष्ट स्पीकरसाठी आखलेला असतो. स्पीकर बदलला की क्रॉसओव्हर बदलायलाच हवा. बाजारात मिळणारी ‘कोणत्याही स्पीकरला चालेल’ अशी तयार पट्टी घेताना हे लक्षात ठेवा.

7. आज

आता विभागणी पुष्कळदा अँप्लिफायरच्या आधीच होते, आणि प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अँप्लिफायर असतो. दुर्ग-भिलाईच्या मिरवणुकांत धुमालच्या गाड्यांवर रचलेल्या पेट्याही याच पद्धतीने चालवता येतात. डिजिटल प्रोसेसरमध्ये विलंब मिलीसेकंदाच्या अंशात बसवता येतो. शिअरर यांना ज्यासाठी सुताराकडून हॉर्न आखूड करून घ्यावा लागला, ते काम आज एक आकडा भरून होते. दुसरीकडे कोचीच्या रेथमसारख्या कंपनीने रुंद पट्ट्याचा एकच स्पीकर वापरून, मधला क्रॉसओव्हर टाळून पेट्या बनवल्या. जोड नसेल तर जोडाचे दोषही नाहीत, असा त्यामागचा विचार. पण मग पहिल्या भागात पाहिलेली शंकूच्या आकाराची अडचण परत समोर येते. प्रत्येक रचनेत काही मिळते आणि काही सोडावे लागते.

शेवटी एक सांगणे. टॅप-नृत्याचा दुहेरी ठोका आलेखाने पकडला नाही, कानाने पकडला. पण तो कशामुळे होतो हे कानाने सांगितले नाही, त्यासाठी मोजपट्टी आणि गणित लागले. ऐकणाऱ्याची तक्रार खरी माना, त्याने सांगितलेले कारण मात्र तपासून घ्या. आमच्या त्या गटाची पेटी आता प्रयोगशाळेत आहे. महाग ट्विटर काढून जुनाच परत बसवला आहे.

सरावासाठी प्रश्न

1. 8 ओहमच्या ट्विटरसाठी 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकटाच वापरला, तर छेद-वारंवारता किती येईल? साडेसहा इंची वूफरबरोबर तो पुरेल का?
2. दुसऱ्या कोटीच्या बटरवर्थ क्रॉसओव्हरमध्ये ट्विटर उलटा जोडल्यावर 3 डेसिबलचा उंचवटा का येतो, ते सदिश आकृतीने दाखवा.
3. दोन स्पीकरच्या मार्गांत 5.7 सेंटीमीटरचा फरक असेल, तर 3,000 हर्ट्झला किती अंशांचे कलांतर पडेल? श्रोत्याला काय ऐकू येईल?