समुद्रापलीकडे गेलेला शिलेदार

लष्कराचा तळ हलला म्हणजे शिपायाचें बिऱ्हाडहि हलतें. परंतु ज्याचें वाहन सरकारचें नसून स्वतःचें असे, त्याला समुद्रापार जाण्याचा हुकूम आला म्हणजे निराळाच प्रश्न उभा राही. गलबतावर चढणारा हा घोडा वाटेंत दगावला, तर बुडालें कोण? प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण घोडदळाची एक जुनी पद्धत अखेर त्यानेंच मोडली.

शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपणांस नवे नाहींत. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदार आपला घोडा व आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. शिवछत्रपतींनीं पागेचें बळ वाढवून शिलेदारांना तिच्या कह्यांत ठेवलें, असें सभासद सांगतो. त्यांतील धोरण उघड आहे. शिलेदाराचा घोडा पडला कीं त्याची रोजीच बुडे. मग ऐन गर्दींत तो घोड्याला जपूं लागला, तर नवल काय?

इंग्रजांनीं ही पद्धत उचलली, कारण ती त्यांना स्वस्त पडे. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर उभा राहिलेला पूना हॉर्स हा रिसाला याच घडणीचा. पुढें या पद्धतीला ठराविक रूप आलें. घोडा, खोगीर, कपडे हें सारें स्वाराच्या पदरचें. सरकार देई तो पगार आणि बंदूक. भरती होतांना स्वार असामीची रक्कम ठेवी आणि दरमहा चंद्यांत थोडे पैसे टाकी. कोणाचा घोडा मेला, तर चंद्यांतून दुसरा घेतां येई. वर्षाकाठीं मरणारे घोडे थोडे असत आणि बाजार जवळ असे, तोंवर हें गणित बरोबर जमे.

समुद्रानें तें चुकविलें. घोड्याला ओकतां येत नाहीं. त्यामुळें गलबत हेलकावूं लागलें कीं त्याचे फार हाल होत. अरुंद खणांत उभ्यानेंच त्याला सारा प्रवास काढावा लागे. तळमजल्यावर हवा कोंडे, पाणी मोजून मिळे. धक्का नसेल तेथें पोटाखालीं झोळी बांधून त्याला होडींत उतरवावें लागे.

१८५६-५७ च्या इराणच्या युद्धांत पूना हॉर्सचे स्वार समुद्रमार्गें बुशायरकडे गेले. ज्या आखातांतून अरबी घोडे विक्रीसाठीं मुंबईस येत, त्याच आखातांत मुंबईचे घोडे लढावयास उतरले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजीं खुशाबची लढाई जिंकली गेली. तेव्हां चंदा तगला. पुढें १८६७-६८ मध्यें मुंबईचे सेनापति नेपियर यांची फौज हबसाणावर गेली. तिच्यांत ४४ हत्ती होते, शिलेदारी रिसालेहि होते. आजच्या एरिट्रियांतील झूला येथें फौज उतरली. तेथें गोडें पाणी इतकें दुर्मिळ कीं समुद्राचें पाणी आटवून तें मिळवावें लागे. कित्येक खेचरें तहानेनें मेलीं, आणि आफ्रिकेंतील अश्वरोगानें घोडे पटापट पडले. अशी सांथ एका रिसाल्यांत शिरली, तर गरीब स्वारांच्या चंद्यानें किती दिवस पुरे पडावें?

या प्रश्नाचें उत्तर १९१४ सालीं मिळालें. त्या वर्षीं हिंदी घोडदळाचे एकूण ३९ रिसाले होते. त्यांपैकीं तीन सोडून बाकी सारे शिलेदारी. पूना हॉर्ससह त्यांतील कित्येक फ्रान्सला रवाना झाले. तेथें बाजार जवळ नव्हता, आणि मनुष्यहानि व अश्वहानि यांना अंत नव्हता. घोडे, सरंजाम, सारें सरकारलाच पुरवावें लागलें. ज्या काटकसरीसाठीं ही पद्धत राखली होती, ती काटकसरच उरली नाहीं. १९२१ च्या सुमारास ती रद्द झाली.

एकंदरींत न्यायाचेंच झालें, असें म्हटलें पाहिजे. लढाई ज्याची, तिची जोखीमहि त्याचीच असावी. ती दरमहा पगार घेणाऱ्या स्वाराच्या माथीं मारणें योग्य नव्हतें. परंतु एक गोष्ट गेली ती गेलीच. आपल्या मालकीच्या घोड्यावर बसून चाकरीस येणाऱ्याचा रुबाब वेगळा होता. धन्यासमोर तो अगदींच रित्या हातानें उभा नसे. समुद्र ओलांडून गेला तो शिलेदार. महायुद्धांतून बाहेर पडला तो बारगीर. शिलेदार हें आतां आपल्याकडे केवळ आडनांव उरलें आहे.