न वाजणारा खुबा

गेल्या महिन्यात आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालली आणि फोनवर म्हणाली, "नवी बिजागरी बसवलीय रे, अजिबात वाजत नाही!"

ते 'वाजत नाही' ऐकलं आणि जॉन चार्नली आठवले.

१९५०च्या दशकात मँचेस्टरच्या या हाडांच्या सर्जनकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता, आणि जेवताना तो जरा पुढे वाकला की सांधा कुरकुरायचा. इतका, की बायको वैतागून खोलीबाहेर जायची! आपण हसून सोडून दिलं असतं. चार्नली विचारात पडले. आवाज येतो म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणजे आज ना उद्या गोळा हाडातून सैल होणार.

मग त्यांनी स्टीलचा गोळा मुद्दाम लहान केला, २२ मिलिमीटरचा. गोळा लहान की वाटीला बसणारा पीळ कमी. दांडा हाडात पक्का करायला दातांच्या डॉक्टरांचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतलं. वाटी केली टेफ्लॉनची, गुळगुळीत. रुग्ण आनंदाने चालू लागले.

पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं. त्याच्या भुकटीने आजूबाजूचं मांस सुजलं, हाड खाल्लं गेलं. सुमारे तीनशे रुग्ण होते. चार्नलींनी ती भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. तिथेही गाठी आल्या!

१९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता रायटिंग्टनच्या रुग्णालयात एक प्लॅस्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं पॉलिथिलीन. चार्नलींनी नख रुतवून पाहिलं, नापसंत केलं आणि परिषदेला निघून गेले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मात्र गप्प बसला नाही. त्याने ते झीज मोजायच्या यंत्रावर चढवलं. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजतं तेवढंही ते झिजलं नव्हतं. नोव्हेंबरपासून रुग्णांना त्याच्या वाट्या बसू लागल्या. आजही बहुतेक वाट्या त्याच पॉलिथिलीनच्या सुधारित जातीच्या असतात.

पुढे १९७७ साली चार्नली 'सर' झाले. १९८२ साली गेले.

हे सगळं मी आत्याला रंगवून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, "त्या तीनशे जणांचं काय झालं रे?"

बऱ्याच जणांना पुन्हा टेबलावर जावं लागलं, आणि ती ऑपरेशनंही चार्नलींनी स्वतःच केली. आपली चूक रोज समोर लंगडत येताना बघायची, आणि तरी हातात सुरी धरायची. मला हे मांडीत टोचून घेण्यापेक्षाही अवघड वाटतं.

आत्या जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांच्यामुळे चालतेय म्हणायचं मी."

असो. संध्याकाळी ती जिन्यापर्यंत जाऊन आली म्हणे.