रनकॉम ते प्रोफाईल : टर्मिनलवरील कार्यपरिवेशाच्या स्वयंचलित मांडणीचा इतिहास

टर्मिनलवरील कामाची पूर्वतयारी संगणकाकडूनच करून घेण्याची कल्पना बहुधा युनिक्स प्रणालीच्या खाती जमा केली जाते. कालानुक्रम तपासता हे श्रेय दुरुस्त करणे आवश्यक ठरते. युनिक्सचा आरंभ १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये झाला. मूळ कल्पना त्यापूर्वीच अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आकारास आली होती.

तेथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकाच संगणकावर अनेक जण एकाच काळात काम करू लागले. टर्मिनल म्हणजे त्या काळी कागदावर छापणारे टंकयंत्र, वेग सेकंदाला दहा-पंधरा अक्षरे. त्याच त्या कमांड पुनःपुन्हा टंकित करणे किती जिकिरीचे असेल, हे या वेगावरूनच ध्यानात यावे. १९६३-६४ च्या सुमारास लुई पुझँ या फ्रेंच अभियंत्याने 'रनकॉम' हा प्रोग्रॅम लिहिला. कमांड क्रमाने एका फाईलमध्ये लिहून ठेवावयाच्या व रनकॉमला त्या फाईलचे नाव द्यावयाचे, अशी त्याची रीत होती. काही जागा मोकळ्या ठेवून दर वेळी निराळी मूल्ये भरण्याची सोयही त्यात होती. क्षणिक असलेली कमांड अशा रीतीने जतन करण्याजोगा लेख झाली. पुढे मल्टिक्स प्रणालीच्या आखणीत 'शेल' ही संज्ञाही पुझँ यांनीच दिली.

युनिक्समधील 'आरसी' ही अक्षरे रनकॉमचाच संक्षेप होत. संगणक सुरू होताना वाचली जाणारी 'आरसी' फाईल आणि बिल जॉय यांच्या सी-शेलमधील '.सीएसएचआरसी' ही त्याची वंशावळ. ही अक्षरे रोज टंकित करणाऱ्यांपैकी कितीजणांना पुझँ यांचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

तथापि युनिक्सचे स्वतःचे योगदान नाकारता येत नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल लॉग-इन होताच '.प्रोफाईल' ही फाईल वाचू लागला. त्याच आवृत्तीत 'एनव्हायर्नमेंट'ची योजना आली. शेलने एकदा निश्चित केलेली मूल्ये त्यामुळे त्याने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमपर्यंत वारशासारखी पोहोचू लागली. रनकॉम कमांडची यादी चालवीत असे, '.प्रोफाईल'ने संपूर्ण बैठकीचा परिवेशच घडविला.

नावाआरंभीच्या टिंबाची कथा गमतीची आहे. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये नमूद केल्यानुसार, 'एलएस' या कमांडच्या यादीतून '.' व '..' या दोन नोंदी वगळण्यासाठी केवळ पहिले अक्षर तपासण्यात आले. परिणामी टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाईल यादीतून अदृश्य झाली. एका आळसाची अशी प्रथा झाली. वापरकर्त्याने वर्षानुवर्षे जमविलेल्या सवयी या अदृश्य फाईलींमध्ये साठत गेल्या आणि संगणक बदलताना नेमक्या त्याच मागे राहू लागल्या. २००५ मध्ये गिट उपलब्ध झाल्यानंतर अनेकांनी या फाईली गिटच्या संग्रहात ठेवण्यास आरंभ केला. त्या उतरवून योग्य जागी जोडणारी, पुझँ यांच्या फाईलीसारखीच एक कमांडची यादीही त्यांच्यासोबत ठेवली जाऊ लागली.