एनसीचा वारसा

भोसरीच्या शेडमध्ये पॅनेल वायरिंग शिकताना उस्तादांनी आधी कॉन्टॅक्टरवरचे आकडे पाठ करून घेतले. १३-१४ एनओ, २१-२२ एनसी. शेवटी ३-४ असेल तर संपर्क एरवी उघडा, १-२ असेल तर एरवी जोडलेला.

मला एनसी जास्त मोलाचा वाटतो. बिघाड झाला तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच जावी, हा त्यामागचा विचार रेल्वेत फार आधी दिसतो. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतून सतत प्रवाह वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडी आली, बॅटरी उतरली किंवा तार तुटली, की रिले सुटतो आणि सिग्नल धोका दाखवतो.

कारखान्यांतही रिलेच होते. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनेलांना पर्याय हवा होता. डिक मॉर्लींच्या चमूने मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, दिला. इलेक्ट्रिशियनला ओळखीचं वाटावं म्हणून प्रोग्रॅम रिलेच्या आकृत्यांसारख्या लॅडरमध्येच ठेवला, हा मोठा शहाणपणा.

मेख मात्र तिथेच आहे. स्टॉप बटण एनसी जोडलं की इनपुटवर कायम २४ व्होल्ट असतात. म्हणून लॅडरमध्ये त्याचं चिन्ह एनओचं काढायचं. नवी मुलं इथे हमखास अडखळतात. आउटपुट कार्डावर बहुधा एनओच मिळतो. भट्टीचा पंखा पीएलसी बंद पडल्यावरही फिरायला हवा, तर प्रोग्रॅममध्ये कॉइल उलटी करून भागत नाही. मध्ये छोटा रिले टाकून त्याच्या ११-१२ वरूनच तार न्यावी लागते.