पोटावरची एक गांध

मला कोळंबी चालत नाही. एक घास खाल्ला की अंगभर गांधी उठतात. लहानपणी घरचे म्हणायचे, "याची प्रतिकारशक्तीच कमी!" मग च्यवनप्राश झाला, काढे झाले. गांधी काही थांबल्या नाहीत. कारण दुखणं नेमकं उलटं होतं. ते कसं कळलं, त्याचीच आजची गोष्ट.

साल 1921. तेव्हाच्या जर्मनीतलं ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला शिजवलेला मासा सोसायचा नाही. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याला माशाने काहीच व्हायचं नाही. या गड्याने काय करावं? क्युस्टनरच्या रक्तातला थोडा सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. थोड्याच वेळात तिथे गांध उठली!

म्हणजे दोष रक्तातल्या कशाचा तरी होता. त्याला 'रिॲजिन' म्हणू लागले, पण ते नेमकं काय, हे कळायला 45 वर्षं गेली. कारण रक्तात ते अगदी नगण्य असतं. 1966 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने ते ओळखलं. चाचणीला कातडी वापरली ती स्वतःचीच! पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निश यांना तेच प्रथिन एका कॅन्सरच्या रुग्णाच्या रक्तात भरपूर सापडलं. 1968 मध्ये नाव ठरलं, आयजीई.

हे प्रतिपिंड बनवतात बी-पेशी. त्यांना हुकूम देतात टी-पेशी, इंटरल्युकिन-4 या रेणूमार्फत. त्यावर ब्रेकही आहे, नियामक टी-पेशींचा. ॲलर्जीत हुकूम जोरात आणि ब्रेक ढिला. तयार झालेलं आयजीई मास्ट पेशींवर चिकटून बसतं. कोळंबी पोटात गेली की त्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि उठल्या गांधी.

गंमत म्हणजे लंडनच्या लिओनार्ड नूनने 1911 मध्येच परागकणांच्या अर्काचे हळूहळू वाढते डोस टोचून रुग्णांचा त्रास कमी केला होता. आज कळतं, अशा डोसांनी नियामक पेशी जाग्या होतात आणि आयजी-जी4 हे दुसरं प्रतिपिंड वाढतं. ते परागकणांना आयजीईच्या आधीच गाठतं. बिचाऱ्या नूनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्याचा पाय ब्रेकवरच होता!

तेव्हा ॲलर्जीवाल्या दोस्ताला "इम्युनिटी वाढव" असं सांगू नका. त्याची फौज दुबळी नाही, उगाच चवताळलेली आहे. आणि हो, हे थोडं थोडं देण्याचे प्रयोग घरी नकोत, डॉक्टरांसमोरच. भेटू पुढच्या भागात!