सहकुटुंब नाटकाला

घरातल्या सगळ्यांनी मिळून, आजीपासून शेंडेफळापर्यंत, रात्रीच्या संगीत नाटकाला जायचे ही रीत मराठी माणसाच्या अंगात इतकी मुरली आहे की ती कधी कुणी घडवली असेल असे वाटतच नाही. पण तिचे कूळ शोधता येते आणि ते फार जुने नाही. लळिते होती, दशावतार होते. देवळाच्या अंगणात खेळ लागला की सारे गाव आपसूक जमे. पैसे मोजून, तिकीट काढून, घरच्या बायकामुलांना नाटकगृहात नेऊन बसवणे ही मात्र वेगळी गोष्ट होती. ती रुजवली गावोगाव हिंडणाऱ्या संगीत मंडळ्यांनी.

आरंभ सांगलीचा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसे काही मराठीत व्हावे असे तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आले आणि त्यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगवले. 1851 मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला. मंडळी पोसायची तर गाव सोडणे भाग होते. 1853 मध्ये भावे मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ करत होते. मराठी नाटकाच्या पायाला चाक लागले ते असे, पोटासाठी.

त्या खेळांत गाणे सारे सूत्रधाराचे. तो बाजूला उभा राहून झांज-मृदंगाच्या साथीवर कथा पद्यातून सांगे. पात्रे हावभाव करत आणि आपले भाषण ऐनवेळी रचून बोलत. राक्षस आले की ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून तलवारी परजत. पोरे त्यावर खूष होत असणार. पण सीतेचे दुःख सीता गात नव्हती, दुसराच कुणी गात होता.

हे बदलले ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बेळगाव-धारवाडकडचा हा माणूस पुण्यात सरकारी नोकरीत होता. पुण्यात आलेल्या पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ त्यांनी पाहिले. त्यात पात्रे स्वतःच गात होती. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. सूत्रधाराने नांदी म्हणावी, नटीशी दोन गोष्टी बोलाव्यात आणि बाजूला व्हावे. पुढे जे गायचे ते शकुंतलेने, दुष्यंताने, कण्वाने. पात्राच्या मनातले पात्राच्याच गळ्यातून आले की ज्याला संस्कृत काव्याचा गंध नाही त्यालाही ते थेट भिडते.

किर्लोस्करांचे त्याहून मोठे शहाणपण मला चालींच्या निवडीत दिसते. त्यांनी साकी घेतली, दिंडी घेतली, कीर्तनातल्या चाली घेतल्या, लावणीचा बाज घेतला, आपल्या मुलुखातल्या कानडी गाण्यांच्या चालीही घेतल्या. म्हणजे जी बाई आयुष्यात पहिल्यांदा नाटकगृहाची पायरी चढत होती, तिला नाटक नवीन होते पण त्यातले गाणे ओळखीचे होते. साकी-दिंडी तिने देवळातल्या कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली. नव्या घरात पाऊल टाकावे आणि आत माहेरचेच कुणी भेटावे तसे ते झाले.

दोनच वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1882 रोजी, ‘संगीत सौभद्र’ आले. कथा महाभारतातली, पण गोष्ट कुणाच्याही घरातली. बहीण सुभद्रा उपवर आहे. थोरल्या भावाने, बलरामाने, स्थळ ठरवून टाकले आहे दुर्योधनाचे. तिचे मन अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण वडीलधाऱ्यापुढे तोंड न उघडता आतून सूत्रे हलवतो, अर्जुनाला संन्याशाच्या वेषात घरात आणतो आणि रुक्मिणीची समजूतही काढतो. थोरल्याचा शब्द मोडायचा, पण त्याचा मान राखून. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या प्रत्येकाला ही कसरत ठाऊक होती. सासऱ्याला बलराम पटे, सुनेला सुभद्रा, आणि दोघे एकाच खेळाला येत. सुभद्रेची भूमिका करत भाऊराव कोल्हटकर, बडोद्याहून मंडळीत आलेले. त्यांच्या उंच, धारदार आवाजाने लोक वेडे झाले.

स्त्रियांसाठी नाटकगृहात बसायची जागा वेगळी असे. तेवढ्या आडोशावर कुलीन घरच्या बायका येऊ लागल्या. रंगमंचावर मात्र बाई नव्हती, स्त्रीपार्टी पुरुषच. 1899 मध्ये किर्लोस्कर मंडळीने इंदूरच्या मुक्कामी गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ पहिल्यांदा केले. पैशाच्या लोभाने पोटच्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि ते लग्न मोडायला उभा राहिलेला कोदंड. हे नाटक एकट्या पुरुषाने पाहणे वेगळे आणि लेक शेजारी, बायको पलीकडच्या बाजूला बसलेली असताना पाहणे वेगळे. सुधारकांच्या व्याख्यानांना बायकामुली फारशा जात नसत. ‘शारदे’ला जात होत्या.

मंडळी गावात येई ती रात्रीपुरती नव्हे. आगगाडीच्या डब्यांतून पडदे, कपड्यांचे पेटारे, पेटी-तबले, आचारी, गडी असा सारा लवाजमा उतरे आणि एखादा वाडा भाड्याने घेऊन महिना-महिना मुक्काम पडे. आठवड्यातून दोन-तीन खेळ, बाकीचे दिवस तालमी. आज ‘सौभद्र’ तर परवा ‘शारदा’. त्यामुळे एकाच गावातले घर एका मुक्कामात दोन-तीनदा नाटकाला जाई. लहान गावात एकटेदुकटे रसिक किती असणार? नाटकगृह भरायचे तर घरेच्या घरे आणावी लागत.

पडद्यांचे काम जवळून पाहण्यासारखे. जाड कापडावर रंगवलेला पडदा बांबूवर गुंडाळून वर न्यायचा, दोरी सैल केली की उलगडत खाली. महाल, अरण्य, रस्ता असे पडदे प्रत्येक मंडळीकडे हवेतच. रस्त्याचा पडदा अगदी पुढे. त्याच्यापुढे दोन पात्रे उभ्याने बोलत, एखादे पद म्हणत, आणि तेवढ्या वेळात मागे महालाची मांडामांड उरकली जाई. कित्येक नाटकांतले ते छोटे, हलकेफुलके प्रवेश या सोयीसाठी तिथे आहेत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी आणि पुढे पु. श्री. काळ्यांनी असे पडदे रंगवले की पडदा उलगडताच टाळ्या पडत.

रात्री तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला, पायपेटीने सूर धरला की नांदी. मग वन्समोर. आवडलेले पद पुन्हा म्हणायला लावायचे, पुन्हापुन्हा. खेळ मध्यरात्र ओलांडून कुठल्या कुठे जाई. पोरे मांडीवर झोपत आणि गाण्याला जागी होत.

1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-गझलेच्या अंगाच्या पूरबी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या बंदिशींवरून. स्त्रीपार्टी करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या बाहेर पडल्या आणि भीमपलास, यमन कशाला म्हणतात हे न शिकलेल्या घरांतून ते राग गुणगुणले जाऊ लागले. त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा वादक होता. मैफलीला बायकामुलांना कोण नेत होते? मराठी घरांना अभिजात संगीताचा कान दिला तो नाटकाने, असे मी ठामपणे म्हणेन. बालगंधर्वांचे लुगडे, अंबाडा, दागिने पाहून बायका तसे नेसू-लेऊ लागल्या.

पडद्यामागेही कुटुंबच नांदत होते. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांची बळवंत संगीत मंडळी 1918 ची. त्यांची मुले मंडळीच्या बिऱ्हाडातच गाणे ऐकत वाढली. वडिलांच्या ‘सौभद्र’त नारदाचे काम करणारा नट आला नाही म्हणून आपण लहानपणी नारद झालो, ही आठवण लता मंगेशकरांनी अनेकदा सांगितली आहे.

1932 मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, त्यात हरिश्चंद्र झाले खुद्द गोविंदराव टेंबे. 1935 मध्ये बालगंधर्वही ‘धर्मात्मा’साठी पडद्यावर गेले. तेच गाणे कमी पैशात ऐकायला मिळू लागले, नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली आणि महिना-महिना मुक्काम ठोकणे कुणालाच परवडेना. मंडळ्या मोडल्या. रीत मात्र मोडली नाही, तिने रूप बदलले. 1942 च्या ‘कुलवधू’त पदे मोजकी होती, आणि सुशिक्षित घरातली नायिका झाल्या होत्या ज्योत्स्ना भोळे. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आले आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ऐकायला तीन पिढ्या एका रांगेत बसू लागल्या. आगगाडीच्या डब्यांची जागा नाटकाच्या बसने घेतली. रात्री इथला प्रयोग, पहाटे पुढच्या गावाचा रस्ता.

या घराण्यातले अलीकडचे अपत्य म्हणजे 2017 चे प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’. रंगमंचावर दोनच पात्रे, तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई. आणि स्त्रीपार्टीची जिला सवय होती त्या परंपरेत दोन्ही भूमिका करणाऱ्या बायकाच. एक नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेला, दुसरा विटेवर. घर सांभाळायचे या दोघींनी. अभंगाची धाटणी आजीच्या कानातली, भांडण सुनेच्या ओळखीचे. गावोगावच्या नाट्यगृहांत ते पाहायला पुन्हा घरेच्या घरे आली.