मांजराचं अंग गरम लागतंय, अर्धी क्रोसिन देऊ का? थांबा, आधी हा मॅटर समजून घ्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीचा मेसेज पडला, "माऊ सकाळपासून काही खात नाहीये. नुसती कोपऱ्यात बसून आहे. अंग पण गरम लागतंय. अर्धी क्रोसिन दिली तर चालेल का?"

पाच मिनिटांत सात उत्तरं आली. एक काका म्हणाले, लहान बाळाला देतात, मग मांजराला द्यायला काय हरकत आहे. कुणी गोळी दुधात कालवून द्यायला सांगितलं, कुणी हळदीचं पाणी सुचवलं. डॉक्टरला फोन कर असं सांगणारीही एक होती, पण तिच्या मेसेजवर कुणी अंगठासुद्धा टाकला नाही.

सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घरातलं दुखणं-खुपणं आधी फ्रीजवरच्या औषधाच्या डब्यात मिटवायचं आणि तिथे मिटलं नाही तरच दवाखाना, ही आपल्याकडची पद्धतच आहे. माणसांच्या बाबतीत ते बरेचदा खपूनही जातं. पण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. चार किलोच्या मांजराला ती अर्धी गोळी जिवावर बेतू शकते.

आता का, ते बघू.

मुळात ताप आहे का?

माणसाचं नॉर्मल टेम्परेचर ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास असतं. कुत्र्या-मांजराचं असतं साधारण १०१ ते १०२.५. म्हणजे ज्या तापात आपल्याला शाळेला दांडी मारता यायची, तेवढं त्यांचं रोजचंच असतं. त्यामुळे ठणठणीत मांजराच्या कानाला किंवा पोटाला हात लावला तरी तो गरमच लागणार. हात लावून ताप ओळखायची आपली सवय इथे कामाला येत नाही.

नाक ओलं म्हणजे तब्येत चांगली, कोरडं म्हणजे आजारी, हेही तितकंसं खरं नाही. झोपून उठलेल्या किंवा उन्हात लोळलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. खरा ताप थर्मामीटरने, तोही गुदद्वारातून मोजावा लागतो. साधारण १०३ च्या वर गेलं की काळजीचं कारण. घरी हा उद्योग जमत नसेल तर नाही केला तरी चालतं. त्यापेक्षा जनावर खातंय का, पाणी पितंय का, लघवीला जातंय का, हाक मारल्यावर बघतंय का, हे बघितलेलं जास्त उपयोगी.

त्यातही खाण्याकडे लक्ष ठेवा. मांजराने पूर्ण एक दिवस तोंडाला काही लावलं नाही तर 'मूड नसेल' म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः गुबगुबीत मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि मूळ दुखणं बाजूला राहून वेगळंच गंभीर आजारपण मागे लागतं.

मांजराच्या लिव्हरमधली गडबड

आपण पॅरासिटामॉल घेतो तेव्हा लिव्हर त्या औषधाला साखरेपासून बनलेला एक छोटा तुकडा जोडतं. तो जोडला गेला की औषध निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. हे जोडकाम करणारं एक खास एन्झाइम असतं. मांजराकडे ते एन्झाइम बनवणारा जीन आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. कुलूप आहे पण किल्ली तुटलेली, तसं. फक्त घरच्या माऊचंच नाही, अख्ख्या मार्जार कुळाचं असं आहे. ताडोबातल्या वाघालाही क्रोसिन पचणार नाही. एक तर्क असा आहे की हे प्राणी पिढ्यान् पिढ्या फक्त मांसावर जगले, वनस्पतींमधली रसायनं निपटायची वेळच आली नाही, म्हणून हा जीन मोडला तरी काही बिघडलं नाही. बिघडलं ते माणूस गोळ्या घेऊन आल्यावर.

मग मांजराच्या शरीरात औषधाचा मोठा वाटा विषारी रूपात बदलतो. ते विष रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येईनासा होतो. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर दिसायला लागतात, श्वास जोरात चालतो, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्यांमध्ये मात्र पॅरासिटामॉलचा पहिला फटका बहुतेकदा लिव्हरलाच बसतो.

आता साधा हिशेब करा. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे २५०. मांजराचं वजन चार किलो. किलोमागे ६२ मिलिग्रॅमच्या वर झालं. मांजरांमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर ६० किलोच्या माणसाने एका दमात साडेसात गोळ्या घेण्यासारखं आहे. वर त्या पचवायची यंत्रणाच नाही.

यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध पशुवैद्य देतात. पण ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. त्यामुळे चुकून गोळी दिली गेली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघत बसू नका, आणि 'रागावतील' म्हणून डॉक्टरांपासून लपवू तर अजिबात नका.

मग कुत्र्याला दिली तर?

कुत्र्यांचं लिव्हर मांजरापेक्षा बरं काम करतं, पण म्हणून मोकळीक आहे असं नाही. अंगदुखीला आपण सहज घेतो ती कॉम्बिफ्लॅम म्हणजे पॅरासिटामॉल अधिक आयब्युप्रोफेन. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, रक्ताच्या उलट्या होतात, जास्त गेलं तर किडन्या बसतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला कुणीतरी कौतुकाने डायक्लोफिनॅक देतं, तीच गत.

डायक्लोफिनॅकवरून आठवलं. भारतातली गिधाडं कशी संपली हे माहितीये ना? गाई-म्हशींना दुखण्यावर हे औषध दिलं जायचं. गुरांना ते चालायचं. पण असं औषध घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००४ मध्ये हे कारण समोर आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर कोट्यवधी गिधाडं गेली होती. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं, याचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही.

पशुवैद्य कुत्र्यांना वेदनाशामक देतातच. पण ते कोणतं, किती आणि किती दिवस हे वजन आणि किडनीची अवस्था बघून ठरवतात. एकाच्या कुत्र्याला लिहून दिलेली गोळी शेजाऱ्याच्या कुत्र्याला चालेलच असं नसतं.

औषधाच्या डब्यानंतर किचनचा नंबर

चॉकलेट देऊ नये हे आता बहुतेकांना माहीत झालंय. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. जितकं कडू आणि काळं चॉकलेट, तितका धोका जास्त. पण आपल्या घरांमध्ये चॉकलेटपेक्षा दोन गोष्टी जास्त असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिली म्हणजे द्राक्षं आणि मनुके. नाशिकची द्राक्षं आणि सांगलीकडचा बेदाणा ही आपली शान असली, तरी काही कुत्र्यांच्या किडन्या त्याने निकामी होतात. गंमत म्हणजे एखादा कुत्रा घोसभर खाऊन आरामात फिरतो आणि दुसरा मूठभर मनुक्यांनी आडवा होतो. म्हणून 'इतकी चालतील' असा आकडा कुणी देत नाही. अनेक वर्षं कारणच कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. आता टार्टारिक ॲसिड आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेली आमटी भातावर ओतून कुत्र्याला वाढत असाल तर ते बंद करा. प्रसादाचा मनुके घातलेला शिराही नको.

दुसरी गोष्ट कांदा. कच्चा, शिजलेला, वाटणातला, पावडर केलेला, कोणताही. लसूणही त्याच घरातला. यातल्या गंधकयुक्त रसायनांनी लाल रक्तपेशी फुटतात. मांजराला किलोमागे पाच ग्रॅम कांदासुद्धा बाधू शकतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला साधारण २० ग्रॅम, एक छोटी फोड. कुत्र्याला त्यापेक्षा जास्त लागतो, पण रोज थोडा रस्सा-भात खाणाऱ्या कुत्र्याचा हिशेब साठत जातो. आणि याची लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, लघवी गडद होते. तोवर रविवारचं मटण आपण विसरलेलो असतो.

शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासात पाडू शकतं. पर्स खुर्चीवर टाकायची सवय असेल तर तेवढी बदला.

उपायच अपाय होतो तेव्हा

काहीतरी खाल्लंय असं कळलं की पहिला उपाय मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा. करू नका. रक्तात सोडियम वाढून झटके येतात आणि मूळ खाल्लेलं राहतं बाजूला. फिनेल, ॲसिड, रॉकेल असलं काही पोटात गेलं असेल तर उलटी होताना घसा पुन्हा भाजतो किंवा ते फुप्फुसात जातं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. दूध पाजल्याने विष उतरतं हा सिनेमातला इलाज आहे. उलट मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही आणि जुलाब लागतात.

खरुज झालेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडायचं, हा उपाय आजही गावात आणि शहरात दोन्हीकडे दिसतो. कुत्रा ते चाटतो, शिवाय कातडीतूनही ते अंगात मुरतं. खरुज ज्या किड्यांमुळे होते त्यांच्यावर पशुवैद्यांकडे चांगली औषधं आहेत आणि ती फार महागही नाहीत.

मांजरवाल्यांनी अजून दोन गोष्टी डोक्यात ठेवा. फिनेलने पुसलेली ओली फरशी आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटून साफ करतं. फरशी पूर्ण सुकेपर्यंत दार बंद ठेवा. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं परमेथ्रिनचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्याने मांजराला थरथर सुटते, झटके येतात. इथेही कारण तेच, मांजराचं लिव्हर.

दोऱ्याचंही सांगून टाकतो. राखीचा दोरा, शिवणाचा दोरा, मांजा. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असलं तर ओढल्यावर आतडं कापलं जातं. तसंच दवाखान्यात न्या.

गोळी कोंबताना मांजर चावलं तर

हेही होतंच. अशा वेळी जखमेवर हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून १५, कारण आपल्याला दोन मिनिटांतच झालं असं वाटतं. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून छोटं भोक दिसतं आणि आत पू होतो. शिवाय रेबीजचा प्रश्न आहे. मांजर घरातलं आहे, लसीकरण झालेलं आहे, हे डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवतात हे खरं, पण त्याचा अर्थ दहा दिवस थांबून मग लस घ्यायची असा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

फोन करताना काय सांगायचं?

काय खाल्लं, किती, किती वाजता आणि जनावराचं वजन. या चार गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. गोळ्यांची पट्टी किंवा रॅपर सोबत घेऊन जा. वजन माहीत नसेल तर जनावराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

तुमच्या भागात रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे ते आजच शोधून नंबर सेव्ह करा. मुंबईत परळला जनावरांचं जुनं पेटिट रुग्णालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. तिथे गुरांचीच गर्दी जास्त असते, पण कुत्र्या-मांजरांनाही बघतात.

मावशीच्या माऊला ताप नव्हताच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं तर एक दाढ किडलेली आणि हिरडी लालभडक सुजलेली. खाताना दुखत होतं म्हणून खात नव्हती. दाढ काढली, वजनाप्रमाणे औषध दिलं, तिसऱ्या दिवशी तिने मावशीच्या ताटातला बोंबील पळवला. काकांनी ग्रुपवर विचारलं, "मग क्रोसिन दिली होतीस का नाही?"